माझदा एमएक्स-५ वर मिशेलिन पायलट स्पोर्ट ५: टायर छान, पण हवा जपून भरा

माझदाच्या एमएक्स-५ या दोन आसनी स्पोर्ट्स कारच्या २०१५ पासूनच्या एनडी पिढीला १७ इंची रिम असतील तर मूळ माप २०५/४५ आर १७. बऱ्याच गाड्या कारखान्यातून ब्रिजस्टोन पोटेन्झा एस००१ घेऊन आल्या. ते घासले की पुढे काय? गाडी रोज रस्त्यावर फिरत असेल, भर पावसातही निघत असेल आणि ट्रॅकवर वर्षातून एखाददुसऱ्या वेळी जात असेल, तर २०२२ साली आलेला पायलट स्पोर्ट ५ घ्या. ही गाडी भारतात विकली जात नाही, पण इंग्लंड-जर्मनीतल्या ओल्या रस्त्यांवर ती बाळगणाऱ्यांसाठी हा टायर अगदी चपखल आहे.

त्याची नक्षी दोन बाजूंना वेगळी आहे. गाडीच्या आतल्या बाजूला पाणी बाहेर काढणारे लांब चर, तर बाहेरच्या बाजूला वळणात भार झेलणारे भक्कम ठोकळे. त्यामुळे साइडवॉलवर ‘बाहेरची बाजू’ असं जे छापलेलं असतं, ते चारही चाकांवर बाहेरूनच दिसलं पाहिजे. दुकानातून निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारून हे तपासाच, एखादं चाक उलटं बसल्याचं घाईत कुणाच्या लक्षात येत नाही. ओल्यात ब्रेक लावताना हा टायर खूप विश्वास देतो. उणीव एकच: स्टिअरिंग वळवल्यावर पहिल्या क्षणी तो एस००१ पेक्षा किंचित मऊ वाटतो. आणि ही मऊ सुरुवात घालवायला लोक जास्त हवा भरतात, तिथेच सगळं बिघडतं.

दारालगतच्या स्टिकरवर एमएक्स-५ साठी पुढे-मागे दोन्हीकडे २९ पीएसआय, म्हणजे २ बार लिहिलेलं असतं. भारतात ३२-३३ भरायची सवय असलेल्यांना हा आकडा कमी वाटतो. त्यातच नव्या टायरवर ‘एक्सएल’ (जास्त भार पेलण्यासाठी मजबूत केलेला टायर) दिसलं की दुकानदारही “याला जास्त हवा लागते” म्हणून ३५ पर्यंत भरून देतो. या गाडीच्या बाबतीत हे चूक आहे. मूळ टायरचा भारांक (टायर किती वजन पेलतो हे सांगणारा आकडा) ८४, म्हणजे २.५ बारला ५०० किलो. एक्सएलचा ८८, म्हणजे ५६० किलो, पण तो २.९ बारला. दोन्हींत २ बारच हवा ठेवली तर हिशेबाने प्रत्येकाची क्षमता साधारण ४१५ किलो निघते, जवळपास सारखीच. गाडी, दोन माणसं आणि बॅगा मिळून १,२५० किलो धरले तरी एका चाकावर सव्वातीनशेच्या आतच भार येतो. म्हणजे भरपूर वाव आहे. हवा वाढवली की या हलक्या गाडीखाली टायर दबतच नाही: तो मधल्या पट्ट्यावर उभा राहतो, बारीक खड्ड्यावर उसळतो, गरम व्हायला वेळ लावतो आणि मधूनच लवकर झिजतो.

हवा मोजायची ती सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, सावलीत आणि स्वतःच्या गेजने. पंपावरचे गेज दोन-तीन पीएसआयने सहज चुकतात. तापमान १० अंशांनी उतरलं की २९ पीएसआयच्या टायरमधली हवा सुमारे दीड पीएसआयने घटते. २० अंशांच्या गॅरेजमध्ये भरून बाहेर ५ अंशांत निघालात तर दोनेक पीएसआय गेलेच. म्हणून थंडीच्या सुरुवातीला पुन्हा मोजा. नायट्रोजनसाठी पैसे मोजू नका. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. पारा सातत्याने ७ अंशांखाली राहायला लागला की या उन्हाळी टायरचं रबर कडक होतं. मग विंटर टायरच चढवायचे, हवेशी खेळून काही साधत नाही.

ट्रॅकसाठी थंड टायरमध्ये २६ भरून सुरुवात करा आणि गरम झाल्यावर ३० ते ३२ च्या दरम्यान ठेवा. चार-पाच फेऱ्या मारून आत आलात की लगेच मोजा, थांबून राहिलात तर आकडा फसवतो. नक्षीच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागाचं तापमान घ्या. मधला भाग जास्त तापला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा तापल्या असतील तर कमी. पुढच्या टायरची फक्त बाहेरची कड तापत असेल तर दोष हवेचा नाही. कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आतल्या बाजूला असलेला कल, कमी पडतोय, अलाइनमेंटवाल्याकडे जा. मागची शेपटी लवकर सुटत असेल तर मागचा दाब एक पीएसआयने उतरवून पाहा, एका वेळी एवढाच बदल. गरम असताना सोडलेली हवा घरी निघण्यापूर्वी परत भरायला विसरू नका. टायर थंड झाला की तो २४-२५ वर येतो, आणि मोटरवेवरच्या वेगाला हे धोक्याचं आहे.

१६ इंची रिमवाल्यांनी मूळ १९५/५० आर १६ च ठेवावा. १७ वरून १६ वर यायचं असेल तर मात्र तेच माप घेतलं तर चाक १५ मिलिमीटरने लहान होतं. २०५/५० आर १६ घेतला तर फरक ५ मिलिमीटरवर येतो.

चाकं बसवल्यावर नट टॉर्क रेंचनेच आवळा, १०८ ते १४७ न्यूटन-मीटर, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. युरोपातल्या गाड्यांत हवेचा इशारा देणारी यंत्रणा दाब थेट मोजत नाही, चाकांच्या फिरण्यातला फरक पाहते. त्यामुळे हवा बरोबर भरून झाल्यावर तिचं बटण दाबून ती नव्याने सेट करावी लागते. चुकीच्या दाबावर सेट केलीत तर तोच दाब तिला बरोबर वाटत राहील.