केल्पचा अर्क परड्यात वापरला: दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतचा अनुभव

रत्नागिरीजवळच्या आमच्या परड्यात जांभ्याची तांबडी माती आहे. पावसाळ्यात तिचं सत्त्व वाहून जातं आणि पाऊस सरला की ती पाणी धरत नाही. यंदा मिरची-वांग्याला केल्पचा, म्हणजे एका समुद्री शेवाळाचा, अर्क दिला आणि एकेक वाफा मुद्दाम तसाच ठेवला. शेणखत, पाणी सगळीकडे सारखंच.

फरक आधी दिसला तो मुळांत. लावणीच्या वेळी रोपांची मुळं पातळ द्रावणात बुडवली होती, मग एक आळवणी केली, म्हणजे द्रावण मुळाशी ओतलं, आणि पुढे फवारण्या केल्या. रोपं सावरल्यावर दोन्ही वाफ्यांतलं मिरचीचं एकेक रोप मातीच्या गड्ड्यासकट काढलं आणि बादलीत हलक्या हाताने धुतलं. अर्काच्या रोपाला पांढऱ्या तंतुमुळांचा दाट झुबका, दुसऱ्याला मोजकीच लांबट मुळं. पुढे दुपारच्या उन्हात माना टाकल्या त्याही बिनअर्काच्या रोपांनीच जास्त. मिरचीचा पहिला तोडा लवकर मिळाला. वांग्यांत मात्र काही फरक जाणवला नाही, आणि मिरचीवर पानं आकसणारा चुरडामुरडा रोग यायचा तो दोन्हीकडे आलाच.

हे खत नव्हे. नत्र, स्फुरद, पालाश यात नावापुरतंच. काम करतात ती ऑक्सिनसारखी वाढद्रव्यं. शेणखत कमी करून यावर विसंबलात तर झाड उपाशी राहील. २०२१ पासून खत नियंत्रण आदेशातही असे अर्क जैव उत्तेजकांत धरलेत.

बाटलीवरचे घटक वाचाच. केल्प हे थंड पाण्यातलं मोठं तपकिरी शेवाळ, आपल्या किनाऱ्यावर होत नाही. माझ्या बाटलीत इक्लोनिया मॅक्सिमा होतं, दक्षिण आफ्रिकेकडचं. नुसतं ‘सीवीड’ लिहिलेल्या बऱ्याच बाटल्यांत अ‍ॅस्कोफायलम असतं. तपकिरी खरं, पण केल्प नव्हे. तमिळनाडूत लावतात ते कप्पाफायकस तर लाल शेवाळ. तीही कामाची आहेत, फक्त केल्प समजून जास्त पैसे मोजू नका.

आपल्या खडपांवर सारगॅसम हे शेवाळ वाढतं. ते ओरबाडून आणू नका, कळकळीने सांगतो. माशांची पिल्लं त्यात आसरा घेतात. लाटांनी वाळूवर टाकलेलं तेवढं उचला, गोड्या पाण्यात नीट धुवा आणि खताच्या खड्ड्यात घाला.

पंपात ओतण्याआधी अर्क फडक्यातून गाळा, नाहीतर नोझल तुंबतं. वास ओल्या सुकटीसारखा, बाटली पडवीतच बरी. किंमत बघता पुढच्या हंगामात फवारण्या बंद करणार, लावणीपुरता मात्र आणणारच. हापूसच्या नव्या कलमांनाही तेव्हाच एक आळवणी देऊन बघायची आहे.