डोळ्यांच्या इलेक्टिव्हच्या नावाखाली मला कसं गंडवलं

आधीच सांगतो, यात माझी पण चूक आहे आणि ती पण लिहितोय, त्यामुळे "एवढं शिकून फसलास कसा" हे विचारू नका, आईचं विचारून झालंय.

मला ऑप्थॅल (डोळ्यांची स्पेशालिटी) करायचंय, ते पण अमेरिकेत. तिकडे ऑप्थॅलची रेसिडेन्सी, म्हणजे स्पेशालिटीचं ट्रेनिंग, नेहमीच्या मॅचमधून (डॉक्टरांना जागा वाटून देणारी प्रक्रिया) मिळत नाही, एसएफ मॅच म्हणून वेगळं प्रकरण आहे, त्याचा निकाल पण आधी लागतो, आणि अर्जाला तीन रेकमेंडेशन लेटर्स लागतात. त्यात 2022 पासून स्टेप 1 (तिकडच्या डॉक्टरकीच्या लायसन्सची पहिली परीक्षा) नुसती पास-फेल झाली, म्हणजे मार्कांवर चमकायची सोय गेली आणि तुम्ही कुठल्या हॉस्पिटलमध्ये रोटेशन केलं (काही आठवडे काम करत शिकलात), तिथलं कोण तुम्हाला ओळखतं याला जास्त भाव आला. आपल्यासारख्याला असं लेटर मिळवायचा चांगला रस्ता म्हणजे तिथल्या युनिव्हर्सिटीत चार आठवड्यांचं इलेक्टिव्ह (स्टुडंट म्हणून पेशंट स्वतः तपासत शिकायचं), आणि ते तुम्ही स्टुडंट असेपर्यंतच मिळतं. एकदा डिग्री हातात आली की ऑब्झर्वरशिप, म्हणजे हात मागे बांधून बघत राहायचं.

अशी इलेक्टिव्ह लावून देतो म्हणणाऱ्या एका एजंटने मला नेमकं इथेच पकडलं. "इंटर्नशिप संपत आली ना तुझी, नंतर दार बंद होईल बघ." हे खरंच होतं, म्हणून पुढचं पण सगळं खरं वाटलं.

सरळ रस्ता व्हीएसएलओचा, अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेचं (एएएमसी) इलेक्टिव्हच्या अर्जांचं पोर्टल आहे ते, पण त्यात आपलं कॉलेज असावं लागतं आणि माझं नव्हतं. काही युनिव्हर्सिटीज स्वतःच्या साइटवरून थेट अर्ज घेतात, तिथे मी दोन ठिकाणी टाकला होता, एकाने नाही म्हटलं, दुसऱ्याने उत्तरच दिलं नाही. अशा वेळी कुणीतरी "युनिव्हर्सिटी ॲफिलिएटेड, हँड्स-ऑन, लेटर गॅरंटीड" म्हणतो, 2,800 डॉलर सांगतो, आणि शेवटच्या दोनच जागा उरल्यात म्हणतो, तेव्हा माणूस हिशोब करत नाही, बाबांना फोन करतो.

आता जे सांगतोय ते नीट वाचा. माझ्या एका सीनियर दादाने खरं इलेक्टिव्ह केलंय, तो जायच्या आधी महिनाभर नुसता कागदांमागे पळत होता. लसींचा फॉर्म, हिपॅटायटिस बीचं टायटर (लस लागू पडली का ते बघायची रक्ताची टेस्ट), टीबीची टेस्ट, डीनची सही, मालप्रॅक्टिस इन्शुरन्स, वर हिपाचं (पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा तिकडचा कायदा) ऑनलाइन ट्रेनिंग. मला काय मागितलं? पासपोर्टचा स्कॅन आणि पैसे. आणि मी काय म्हटलं, वा, या लोकांनी किती सोपं करून दिलंय! पेशंटजवळ कुणाला उभं करायचं असेल तर हॉस्पिटल त्याची टीबीची टेस्ट तरी मागेल की नाही, एवढं साधं डोक्यात आलं नाही.

दुसरी गोष्ट व्हिसाची. ताईकडे जायला काढलेला बी-1/बी-2 (कामानिमित्त किंवा फिरायला थोडे दिवस जायचा व्हिसा) माझ्याकडे आधीपासून होता. एजंट म्हणाला इमिग्रेशनला फक्त बहिणीला भेटायला आलोय सांग, इलेक्टिव्हचा शब्द काढू नको. खरं तर परदेशी मेडिकल स्टुडंटने अमेरिकन मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये बिनपगारी इलेक्टिव्ह करायला बी-1 चालतो, तसा नियमच आहे, मग लपवायचं कशाला? लपवायचं कारण एवढंच की मी ज्या जागी चाललो होतो ते मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल नव्हतंच. तरी मी एजंट म्हणाला तेच सांगितलं काउंटरवर. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

ती जागा म्हणजे एका डॉक्टरांचं खाजगी क्लिनिक, चार लेनचं (तिकडे डोळे तपासायच्या खोलीला लेन म्हणतात). आणि आम्ही आठ जण! प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच आहोत. खोली अंधारी, चिंचोळी, आम्ही भिंतीला चिकटून रांगेत उभे, आणि पेशंट बिचारा स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून बघायचं मशीन) हनुवटी ठेवून डोळ्याच्या कोपऱ्यातून आमच्याकडे बघतोय. व्हिजन, प्रेशर, बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स, सगळं टेक्निशियन करायचे. डॉक्टर यायचे, 90 डीची लेन्स (डोळ्याच्या आतलं बघायचं भिंग) धरून डिस्क, म्हणजे डोळ्याच्या नसेचं टोक, बघायचे, "कपिंग आहे" (डिस्कमध्ये खळगा पडलाय, काचबिंदूची शंका) म्हणायचे, पुढच्या लेनमध्ये जायचे. स्लिट लॅम्पला दुसऱ्याने बघायची जी नळी लावतात ती पण नव्हती, म्हणजे कपिंग आहे हे आम्ही नुसतं ऐकायचं. तिसऱ्या दिवशी पेशंट उठून गेल्यावर मी रिकाम्या मशीनची जॉयस्टिक जरा हलवली, तर टेक्निशियनबाईंनी काही न बोलता माझं मनगट हळूच उचलून बाजूला ठेवलं, जसं लहान पोराचं ठेवतात. आमच्या कॉलेजच्या ओपीडीत मी रोज निदान दहा-बारा डिस्क स्वतः बघत होतो हो! इथे 2,800 डॉलर देऊन एक पण नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी युनिव्हर्सिटीच्या स्टुडंट कोऑर्डिनेटरला मेल केला, इव्हॅल्युएशनचा (इलेक्टिव्हमधल्या कामाच्या मूल्यमापनाचा) फॉर्म कुठे भरतात म्हणून. त्याच दिवशी उत्तर आलं, दोन ओळींचं. तुमचं नाव आमच्या सिस्टिममध्ये नाही, आणि ते डॉक्टर आता आमच्या फॅकल्टीवर नाहीत. हाच मेल मी पैसे भरायच्या आधी टाकला असता तर? कोऑर्डिनेटरचा पत्ता डिपार्टमेंटच्या वेबसाइटवर उघडा पडलेला असतो.

आता लेटरची गंमत. एजंटने आम्हाला "ड्राफ्ट अप्रूव्हलसाठी" पाठवले. अहो, लेटर आपण बघायचंच नसतं, आपण बघणार नाही असं लिहून दिलेलं असतं म्हणून तर त्याला किंमत! तरी उघडलं. मी आणि माझा रूममेट, दोघांनी फोन शेजारी ठेवून वाचले, शब्द न शब्द सेम, फक्त वरचं नाव वेगळं. माझ्यात तिसऱ्या पॅराग्राफमध्ये आधीच्या कुठल्यातरी मुलीचं नाव तसंच राहिलं होतं आणि पुढे सगळीकडे "शी".

पैशांचं म्हणाल तर करारात "इलेक्टिव्ह" हा शब्दच नव्हता, "क्लिनिकल एक्सपीरियन्स प्रोग्रॅम" लिहिलं होतं आणि नॉन-रिफंडेबल. मी सही करताना फक्त रक्कम आणि तारीख वाचली. आमच्यातल्या एका मुलीने क्रेडिट कार्डने भरले होते, तिने बँकेकडे डिस्प्यूट टाकला आणि तिचे पैसे परत आले. मी एजंटच्या सांगण्यावरून वायर ट्रान्सफर केलं होतं, ते पण कंपनीच्या नाही, एका माणसाच्या पर्सनल खात्यावर, "बँकेचे चार्जेस वाचतात" म्हणून. एफटीसीच्या (फसवणुकीच्या तक्रारी घेणारी अमेरिकन सरकारी संस्था) साइटवर तक्रार टाकली, रिपोर्ट नंबर मिळाला, पैसे काही मिळाले नाहीत, ते तिथून मिळतही नाहीत.

फी मागितली म्हणजे फ्रॉड असं मात्र समजू नका, काही युनिव्हर्सिटीज परदेशी स्टुडंट्सकडून स्वतःच भरपूर फी घेतात. पण ती युनिव्हर्सिटीच्या नावावर जाते आणि पावती युनिव्हर्सिटीची येते. आणि खाजगी डॉक्टरांकडे बसून बघण्यात पण वाईट काही नाही, त्याला ऑब्झर्वरशिप म्हणा आणि तसेच पैसे घ्या, मग माझी तक्रार नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण, परवा एका ज्युनियरने मला एक पोस्टर फॉरवर्ड केलं, "दादा, हे जेन्युइन आहेत का?" त्याच एजंटचं. वर "शेवटच्या 2 जागा", आणि खाली क्लिनिकच्या दारात पांढरा कोट घालून हसत उभा असलेला मी.