डेटा फुटला, आता दाद कुठे मागायची?

कंपनीचा सर्व्हर कुणीतरी फोडला आणि तुमचा पॅन, कार्डाचा तपशील, मोबाइल नंबर बाहेर गेला. खात्यातून पैसेही गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. कंपनीविरुद्ध कुठे जायचं, हे त्यानंतर. दारं तीन आहेत, आणि ज्याचा सगळ्यात जास्त गाजावाजा झाला ते भरपाईसाठी सगळ्यात कमी उपयोगाचं आहे.

ते म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, गळती कळवली नाही तर २०० कोटींपर्यंत. आकडे वाचून बरं वाटतं. पण हा दंड भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जातो, तुमच्या हाती दमडीही पडत नाही. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यात कलम ८२ खाली माणूस स्वतः भरपाई मागू शकतो, आपल्या कायद्यात तशी तरतूदच नाही. वर आधी कंपनीच्याच तक्रार निवारणाचे उंबरठे झिजवायचे, आणि तक्रार खोटी किंवा फालतू ठरली तर तक्रारदारालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड! एक गोष्ट मात्र खरोखर चांगली आहे: गळती झाल्यावर प्रत्येक बाधिताला विनाविलंब कळवणं कंपनीवर बंधनकारक होणार आहे. होणार आहे, कारण नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेनुसार ही कलमं मे २०२७ पासून लागू होतात.

पैसे परत हवे असतील तर माझं मत जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ च्या बाजूने. पाच कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो; या कामात ते न्यायनिर्णय अधिकारी असतात. महाराष्ट्रात या दाराचा उपयोग झालेला आहे. पुण्याच्या एका उद्योजकाने फसव्या ईमेलला उत्तर दिलं आणि कंपनीच्या खात्यातून ८० लाखांवर रक्कम गेली. २०१३ मध्ये सचिवांनी पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख भरायला सांगितले. पूर्ण रक्कम का नाही? ईमेलला उत्तर देण्यात तक्रारदाराचीही चूक धरली गेली. म्हणून अर्ज करताना आपण ओटीपी किंवा पासवर्ड कुणाला दिला होता का, हे आधीच प्रामाणिकपणे तपासा. समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार.

या कलमाला मर्यादा आहेत. पासवर्ड, बँक-कार्डाचा तपशील, आरोग्याची माहिती, बायोमेट्रिक अशी ‘संवेदनशील’ माहितीच यात येते. नुसतं नाव आणि नंबर फुटला तर हे कलम कामाचं नाही. नुकसान झालं हे दाखवावं लागतं. आणि मे २०२७ मध्ये नवा कायदा पूर्ण लागू झाला की ४३अ रद्द होणार, म्हणून रेंगाळू नका.

उरला ग्राहक आयोग. विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याला देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. कंपनीने माहिती दिली नाही, ती चोरीला गेली, असा बचाव होणारच. तेव्हा सेवेतील त्रुटी हा मुद्दाही अर्जात घाला. सेवेचे पैसे मोजलेले असायला हवेत, फुकटच्या ॲपसाठी इथे जाऊन उपयोग नाही. पण सोय मोठी: राहत्या जिल्ह्यात दावा करता येतो, सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतो. मुदत दोन वर्षांची. कंपनी हॉस्पिटलची असो की विमानाची, पावती आणि गळती कळवणारा तिचा ईमेल दोन्ही जपून ठेवा. ईमेल पुढे पाठवून मूळ उडवू नका, वेळ आणि पाठवणारा मूळ प्रतीवरूनच सिद्ध करता येतो.