इमारत दुरुस्ती, कंत्राटदार आणि महापालिकेची परवानगी: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

मुलुंड पूर्वेतील आमची सहकारी गृहनिर्माण संस्था तळमजला अधिक चार मजल्यांची असून इमारत १९८९ सालची आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घेणे बंधनकारक आहे. आमची ३० वर्षे २०१९ मध्येच भरली होती. आधी निधीअभावी आणि नंतर टाळेबंदीमुळे हे काम लांबले, हा दोष संस्थेचाच. अखेर ही तपासणी, म्हणजे ऑडिट, झाले आणि इमारत ‘सी-२ब’ वर्गात बसली, म्हणजे रहिवाशांना बाहेर न काढता संरचनात्मक दुरुस्ती आवश्यक. नोव्हेंबरमध्ये कंत्राट दिले, मे अखेरीस परांची उतरली आणि आता एक पूर्ण पावसाळा पाहून मी हा अनुभव लिहीत आहे. दुरुस्ती किती टिकेल हे काळ सांगेलच; मला मुख्यतः सांगायचे आहे ते कंत्राटदाराने महापालिकेचे नियम कसे पाळले आणि कुठे पाळले नाहीत त्याविषयी.

निविदा उघडल्या तेव्हा सर्वांत कमी दर देणाऱ्या कंत्राटदाराने समितीसमोर सांगितले, “परवानगीचं सगळं आमच्यावर सोडा, वॉर्डात आपली ओळख आहे.” वॉर्डात, म्हणजे महापालिकेच्या विभाग कार्यालयात, ओळख असणे काही सभासदांना सोयीचे वाटले. परंतु विनापरवाना कामाची कलम ३५१ ची किंवा काम थांबवण्याची ३५४-अ ची नोटीस येते तेव्हा ती इमारतीवर लागते आणि उत्तर संस्थेलाच द्यावे लागते. ओळख सांगणारा तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. आम्ही त्याला नाकारले. ज्याला काम दिले त्याचा दर सुमारे नऊ टक्के अधिक होता, पण त्याने पहिल्याच बैठकीत ऑडिटचा अहवाल मागून घेतला आणि कोणत्या कामाला परवानगी लागेल व कोणत्या कामाला लागणार नाही, याची विभागणी त्यातील प्रत्येक बाबीपुढे पेन्सिलीने लिहून दाखवली.

बहुतेक संस्था याच विभागणीत फसतात, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. कलम ३४२ मध्ये ‘टेनंटेबल रिपेअर्स’, म्हणजे इमारत राहण्याजोगी ठेवण्यासाठीच्या किरकोळ दुरुस्त्या, नावाची सवलत आहे. गिलावा, रंगकाम, गनिटिंग (सिमेंटचे मिश्रण दाबाने फवारून थर देणे), लाद्या बदलणे, संडास-न्हाणीघराची दुरुस्ती, सांडपाण्याचे पाइप आणि नळ बदलणे, छप्पर त्याच साहित्याने पुन्हा घालणे, अशा कामांना या कलमाखाली महापालिकेला सूचना द्यावी लागत नाही. मात्र इमारतीची लांबी, रुंदी किंवा उंची बदलत असेल, भार पेलणारा संरचनात्मक घटक काढला किंवा बदलला जात असेल, जोते किंवा जमीन खाली घेतली जात असेल, पोटमाळा नव्याने घातला किंवा वाढवला जात असेल, किंवा छपराचे साहित्य बदलत असेल, तर ही सवलत संपते. आमच्या अहवालात तळमजल्यावरील दोन कॉलम नव्याने ओतण्याची शिफारस होती. कंत्राटदाराने उर्वरित इमारतीचा गिलावा काढायला सुरुवात केली, पण त्या दोन कॉलमना, आमच्या अभियंत्यामार्फत वॉर्डाच्या इमारत व कारखाने विभागात कागद जाऊन त्याचे उत्तर येईपर्यंत, फक्त टेकू लावून ठेवले. पाच आठवडे पार्किंगमध्ये लोखंडी प्रॉप्स उभे होते आणि गाड्या रस्त्यावर लावाव्या लागल्याने सभासदांची रोजची कुरबुर सुरू होती. आज मला तो उशीर पूर्णपणे योग्य वाटतो.

कंत्राटदाराची खरी परीक्षा जानेवारीत झाली. दुसऱ्या मजल्यावरील एका सभासदाने सुपरवायझरला परस्पर गाठून, परांची लागलीच आहे तर स्वयंपाकघरातील पोटमाळा हॉलपर्यंत वाढवून द्या, पैसे वेगळे देतो, असे सांगितले. सुपरवायझर तयार झाला. दुसऱ्या दिवशी कंत्राटदार स्वतः त्या घरी गेला आणि माझ्यासमोर म्हणाला, “काका, हे टेनंटेबलमध्ये बसत नाही. संस्थेचं पत्र आणि वॉर्डाची परवानगी आणा, मी आनंदाने करतो.” भिंतीत सळईसाठी पाडलेली चार भोके त्याने त्याच दिवशी पॉलिमर मॉर्टरने बुजवून घेतली. ते सभासद आजही माझ्याशी फारसे बोलत नाहीत.

धुळीच्या बाबतीत त्याचे काम समाधानकारक होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने काढलेल्या नियमांनुसार परांचीला चारही बाजूंनी हिरवे कापड होते, तोडफोडीच्या वेळी पाणी मारले जात होते आणि वाळूच्या ढिगावर ताडपत्री असे. रात्री दहानंतर ब्रेकर (काँक्रीट फोडायचे यंत्र) चालला नाही. दुपारच्या वेळेबाबत मात्र ज्येष्ठ रहिवाशांनी दोनदा तक्रार केल्यावरच तो दोन ते चार या वेळेत बंद ठेवण्यात आला.

राडारोड्याच्या बाबतीत मात्र मी त्याला उत्तीर्ण करणार नाही. करारात स्पष्ट लिहिले होते की प्रत्येक खेपेची पावती संस्थेला मिळेल, कारण तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचऱ्याच्या नियमांनुसार हा कचरा रस्त्याकडेला, नाल्यात किंवा मोकळ्या जागेत टाकता येत नव्हता. पहिल्या सहा खेपांच्या पावत्या आल्या, सातवीची आली नाही. चौकशी केली तेव्हा उद्या देतो, परवा देतो असे चालले. शेवटी मागच्या गल्लीतील मोकळ्या भूखंडाजवळ मला आमच्याच जिन्यातील फिकट हिरव्या मोझॅकचे तुकडे गोण्यांतून बाहेर आलेले दिसले. टेम्पोवाल्याने अंतर वाचवले होते. कंत्राटदाराने दोन दिवसांत स्वखर्चाने ते उचलले आणि टेम्पो बदलला, हे मान्य. पण मी तिकडे गेलो नसतो तर ते तिथेच राहिले असते. त्यानंतर आम्ही पावती हातात आल्याशिवाय पुढील बिलावर सही न करण्याचे ठरवले आणि मग एकही पावती चुकली नाही.

कामगारांबाबतही एक त्रुटी राहिली. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदा, नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत, दुरुस्तीच्या कामालाही लागू होता, आणि त्यानुसार वर्षभरात ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयोगटातील कामगाराला कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येत होती. सेफ्टी बेल्ट आणि हेल्मेट सर्वांना होते, ते रोज वापरलेही जात. परंतु १४ जणांपैकी पाच जणांचीच नोंदणी झालेली होती आणि उरलेल्यांना ९० दिवसांचे प्रमाणपत्र देण्यासाठी मला मार्चमध्ये तीनदा पत्र लिहावे लागले. दिवसभर चौथ्या मजल्याच्या छज्ज्यावर लटकून काम करणाऱ्या माणसाला एका सहीसाठी ताटकळत ठेवणे मला पटत नाही.

पावसाळ्यात गच्चीखालच्या चार घरांपैकी तीन कोरडी राहिली. एका घरात पाइपाच्या तोंडाशी ओल आली, ती कंत्राटदाराने जुलैत उघडीप मिळताच दुरुस्त केली. गच्चीवर पत्र्याची शेड घालण्याची सूचना काही जणांची होती. परवानगीशिवाय ती उभारणार नाही, असे सांगून त्याने कोबा आणि वॉटरप्रूफिंगच पुन्हा केले, तेही बरेच झाले. परवानगीचा अर्ज, वॉर्डाचे उत्तर, कॉलमच्या सळयांचे फोटो, सिमेंटच्या चाचण्या आणि राडारोड्याच्या पावत्या अशी फाइल आता संस्थेच्या कपाटात आहे. अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र वॉर्डात दाखल झाले असून पोचपावती मिळाली आहे. अनामत म्हणून रोखलेली पाच टक्के रक्कम मात्र उरलेल्या कामगारांची प्रमाणपत्रे हाती येईपर्यंत द्यायची नाही, असा ठराव आम्ही मागील सभेत केला आहे.