कोरेगावातलं फ्रेमचं दुकान : काम चोख, पण रंगीत करू नका

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो रंगासाठी.

आमचे मामंजी जंगी पलटणीत, म्हणजे १ मराठा लाइट इन्फन्ट्रीत. डिसेंबर १९७१ मध्ये, बांगलादेशच्या युद्धात, तिथल्या जमालपूरच्या लढाईत होते. घरात लढाईचा विषय त्यांनी कधी काढला नाही. बोलायचे ते आल्याच्या भावावर, नाहीतर पाटाच्या पाण्यावरून भावकीशी. पेन्शन झाली की नातवंडांना भेळ ठरलेली. वर्षश्राद्धाला लावायला गणवेशातला एकच फोटो सापडला, तोही ओल लागून कोपऱ्याला पापुद्रे सुटलेला.

दुकानदाराने कोपरा असा भरला की जोड दिसत नाही. पण रंगीत प्रत बघून सासूबाई म्हणाल्या, "हे गोरंगोमटं कोण गं?" जन्मभर उन्हात रापलेला माणूस! टोपीवरचा हिरवा-लाल तुराही नुसता लालच. आम्ही सरळ काळी-पांढरीच घेतली. रंगीत प्रतीचे पैसे त्यांनी लावले नाहीत, हे खरं सांगायला हवं.

त्या युद्धाची त्यांची 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही दोन पदकं खोल पेटीच्या फ्रेममध्ये बसवून दिली. पदकं घासून चकचकीत करू नका म्हटलं, तर ऐकलं. फिती खिळ्याने न ठोकता मागून शिवल्यात. सगळे मिळून १,८०० रुपये. साताऱ्यात जास्त सांगत होते. काच मात्र साधी आहे, खिडकीसमोर लावली तर चेहऱ्याऐवजी अंगण दिसतं. आधीच विचारून घ्या.