कागदी सूक्ष्मदर्शक आणि परडीतली जास्वंद

फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक बहुतेक घरांत मुलांचे विज्ञानाचे खेळणे म्हणून येतो. माझ्या मते मात्र त्याची अधिक गरज आहे ती रोज देवपूजा करणाऱ्या, पण ती सवयीने उरकून टाकणाऱ्या मोठ्यांना.

कानपूरच्या आयआयटीत शिकलेले मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी जिम सिबुल्स्की यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात हा कागदी सूक्ष्मदर्शक विकसित केला आणि २०१४ मध्ये त्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. कापून दिलेल्या भागांना खुणांप्रमाणे घड्या घालायच्या, एकमेकांत सरकवायचे आणि बारीक मण्याएवढे भिंग त्यात बसवायचे, एवढीच जोडणी आहे. वस्तू सुमारे १४० पट मोठी दिसते. सतराव्या शतकात नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या लेवेनहूक या कापडव्यापाऱ्याने अशाच एकेरी भिंगातून तळ्याच्या पाण्यातले जीव पाहिले होते. तत्त्व तेच, फक्त पितळ किंवा चांदीच्या पट्ट्यांच्या जागी कागद आला आहे.

फुले वाहताना जास्वंदीच्या मधल्या दांडीवरची पिवळी भुकटी बोटाला लागते आणि आपण ती पुसून टाकतो. तीच चिमूटभर भुकटी पारदर्शक चिकटपट्टीवर टिपून काचपट्टीवर लावली, भिंग डोळ्याला अगदी टेकवून उजेडाकडे तोंड केले आणि अंगठ्यांनी कागद हळूहळू सरकवला, की आधी नुसता धूसर पिवळेपणा दिसतो आणि मग एकाएकी गोल, सर्व बाजूंनी काटे असलेले परागकण समोर येतात, जणू कदंबाची फुलेच. परागवाहकांच्या अंगाला चिकटायला हे काटे उपयोगी पडतात, हे वाचून ठाऊक असले तरी त्या क्षणी ते आठवत नाही. इतकी वर्षे हे आपल्या बोटावर होते, एवढेच मनात येते. शेजारच्या मुलीने डोळा न हलवताच विचारले, ‘‘काकू, हे काटे देवाला टोचत नाहीत का?’’ चराचरात देव आहे हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले असेल, पण त्याच्याकडे इतक्या सरळपणे पाहणारे कोणी भेटले नव्हते. त्यानंतर तुळशीच्या कोवळ्या पानाच्या कडेचे केस आणि कुंडीखालच्या बशीतल्या पाण्यात भिरभिरणारे जीव पाहणे ओघानेच आले.

मर्यादाही सांगायला हव्यात. सुमारे दोन मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक तपशील यातून वेगळा दिसत नाही, त्यामुळे दह्यातले जिवाणू नीट पाहण्याची आशा धरू नये. हात स्थिर नसेल तर चित्र सटकते, आणि चष्मा असलेल्यांना डोळ्याची योग्य जागा शोधायला वेळ लागतो. सूर्याकडे रोखून यातून कधीही पाहू नये. दिव्याचा किंवा मोकळ्या आभाळाचा उजेड पुरेसा होतो. चुंबकाने तो मोबाइललाही जोडता येतो आणि छायाचित्रे बरी येतात, पण मी ती सोय टाळते, कारण पडद्यावर सगळ्यांना एकदम दाखवले की पाहणे संपते आणि चित्र पुढे पाठवणे सुरू होते.

घ्यायचाच असेल तर काचपट्ट्या सोबत असलेला संच घ्यावा, कारण पाण्याचा थेंब पाहायला त्या लागतातच. फुले मात्र थोडी आधी काढून ठेवावीत. पूजा लांबते आणि घरातले चहासाठी हाका मारू लागतात.