क्यू-टॉफवर अख्ख्या अँटीबॉडीचं वजन, आठ महिने वापरून झाल्यावर

क्यू-टॉफ म्हणजे रेणूंचं वजन मोजणारं मास स्पेक्ट्रोमीटर. मशीन कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण माझं रडगाणं जवळपास सगळ्याच क्यू-टॉफना लागू पडेल. पुण्यातल्या एका बायोसिमिलर (मूळ जैविक औषधासारखं औषध बनवणाऱ्या) लॅबमध्ये आहे, रोजचं काम म्हणजे मोनोक्लोनल अँटीबॉडीचं (औषध म्हणून वापरायच्या एका मोठ्या प्रथिनाचं) इंटॅक्ट मास, म्हणजे रेणू न तोडता अख्ख्याचं वजन. साधारण १४८ हजार डाल्टनचा रेणू (एक डाल्टन म्हणजे जवळपास एका हायड्रोजन अणूचं वजन) आणि त्यात दोन-चार डाल्टनची चूक सुद्धा वर विचारतात, म्हणजे मोजायचा हत्ती आणि काटा सोनाराचा. हत्ती मी उगाच नाही म्हणत, इलेक्ट्रोस्प्रेवाले (विद्युतभारित फवाऱ्यातून रेणू उडवायची पद्धत) जॉन फेन यांनी २००२ च्या नोबेल व्याख्यानाच्या नावातच रेणूंना हत्ती म्हटलंय, त्यांना पंख दिले म्हणून. तेव्हा वय ८५. त्याच वर्षीचे आणखी एक मानकरी तानाका, शिमाद्झू कंपनीतले इंजिनिअर, लेझरने रेणू उडवायला बघत होते, त्यांनी कोबाल्टच्या पावडरीत चुकून ग्लिसरीन ओतलं आणि महागाची पावडर फेकायला जीव होईना म्हणून तसाच रन लावला. आमच्याकडे असं केलं तर डेव्हिएशन (ठरलेली पद्धत मोडल्याचा फॉर्म) भरायला लागतं.

आधी चांगलं सांगतो. सॅम्पल एक मायक्रोग्रॅम पुरतं, सी-४ कॉलम (सॅम्पल ज्यातून सोडतो ती नळी), ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिड, पंधरा मिनिटांत रन संपतो. रेणू एकाच चार्जवर येत नाही, चाळीस-साठ प्रोटॉन अंगावर घेऊन येतो आणि मशीन वजन भागिले चार्ज मोजतं, त्यामुळे स्क्रीनवर कंगव्याच्या दातांसारखे पीक (टोकदार सुळके) दिसतात. (घरी फोनवर 'आज पीक चांगलं आलं' म्हटलं की वडिलांना सोयाबीन वाटतं.) मी नवीन पोरांना पहिले दोन दिवस सॉफ्टवेअर उघडूच देत नाही, कागदावर करायला लावतो: शेजारचे दोन पीक २९६१ आणि २९०३, फरक ५८, मग २९०३ मधून एक प्रोटॉन काढून २९०२ ला ५८ ने भागा, ५० आले म्हणजे २९६१ वाल्यावर ५० चार्ज, आता २९६० गुणिले ५०, आलं १ लाख ४८ हजार. हे हाताने एकदा केलं की डिकॉन्व्होल्यूशनवर, म्हणजे सॉफ्टवेअर हाच हिशेब करतं त्यावर, आंधळा विश्वास राहत नाही, आणि राहूच नये, कारण सेटिंग जरा सैल सोडलं की सॉफ्टवेअर ७४ हजारावर सुद्धा ऐटीत एक पीक दाखवतं, बरोब्बर निम्म्यावर, आणि ते खरं नसतं. आमच्याकडे एकाने ते 'हाफ अँटीबॉडी' म्हणून मीटिंगमध्ये मांडलं होतं, नाव नाही घेत.

आता त्रास. पहिला शत्रू मीठ. सोडियम चिकटला की २२ डाल्टन वाढतात, पण एवढ्या मोठ्या रेणूत आयसोटोपमुळे पीक मुळातच वीसेक डाल्टन रुंद असतो, म्हणून सोडियमचा वेगळा पीक दिसत नाही, नुसता पीक फुगतो आणि मास हळूच वर सरकतं, आणि तुम्ही कॅलिब्रेशनला शिव्या देत बसता. मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) काचेच्या बाटलीत ठेवू नका, काचेतून सोडियम येतो. दुसरा शत्रू साबण. मार्चमध्ये कोणीतरी बाटल्या साबणाने चकाचक घासल्या आणि चार दिवस सगळीकडे ४४-४४ च्या अंतरावर पीक, साबणातल्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलची माळच, अँटीबॉडी त्याखाली गाडलेली. औषधाच्या फॉर्म्युलेशनमध्ये घातलेल्या पॉलिसॉर्बेटमुळेही अशीच माळ येते. आता साबण बंद, बाटलीवर नाव लिहिलेलं, भांडण कायमचं मिटलं.

तिसरा त्रास एसीचा, कोणी डेमोला सांगत नाही. फ्लाइट ट्यूब (रेणू धावतात ती नळी, धावायला लागलेल्या वेळेवरून वजन ठरतं) गरम झाली की लांबी किंचित वाढते, रविवारी वीज वाचवायला एसी बंद ठेवला आणि सोमवारी सकाळी मास चार-पाच डाल्टन सरकलेलं. लॉक मास (माहीत वजनाचा पदार्थ, त्यावरून मशीन स्वतःला दुरुस्त करतं) चालू ठेवा. आणि यूपीएस व्हॅक्यूमच्या टर्बो पंपासह सगळ्याला पुरेल एवढा घ्या, पावसाळ्यात एकदा वीज गेली तर व्हॅक्यूम परत बसायला आमची अख्खी रात्र गेली.

पण ज्यासाठी हे लिहायला बसलो ते १६२ चं प्रकरण. अँटीबॉडीवर साखरेच्या साखळ्या असतात, जी-झिरो-एफ आणि त्याहून एक गॅलॅक्टोज जास्त असलेली जी-वन-एफ, दोघांत फरक १६२. एका बॅचमध्ये हा १६२ वाला पीक जास्त उंच आला, सगळे म्हणाले गॅलॅक्टोज वाढलं, चांगलंच आहे. मला पटेना म्हणून पीएनजीएज-एफ हे एन्झाइम घालून साखळ्या काढल्या, मास जवळपास २९०० ने खाली आलं आणि तरी शेजारी १६२ वाला उभाच! ग्लायकेशन. पेशी वाढवायच्या माध्यमातला ग्लुकोज थेट लायसिनला (प्रथिनातल्या एका अमिनो ॲसिडला) चिकटलेला, वजन तेच, भानगड वेगळी. अपस्ट्रीमवाले (पेशी वाढवणारे) मानायला तयार नाहीत, मग पेप्टाइड मॅप केला, म्हणजे ट्रिप्सिन एन्झाइमने रेणूचे छोटे तुकडे (पेप्टाइड) करून बघितले, ग्लुकोज बसलेल्या लायसिनपाशी ट्रिप्सिन कापत नाही, तिथं न कापलेला लांब पेप्टाइड सापडला तेव्हा कुठे पेशींच्या फीडमधला ग्लुकोज कमी करायची गोष्ट निघाली.

तर इंटॅक्ट मास घेताना हे धरून चला, डीअमिडेशन (अमिनो ॲसिडमधला एक छोटा रासायनिक बदल) म्हणजे एका डाल्टनचा फरक, तो यात दिसणार नाही, कितीही महागाचं मशीन घ्या. ऑक्सिडेशनचे १६ पण दिसले तर नशीब, त्याला रिड्यूस करून (बंध तोडून) अँटीबॉडीची हलकी-जड साखळी वेगळी करा किंवा आयडीएस (IdeS) एन्झाइमने कापून मग रिड्यूस करून २५ हजाराचे तुकडे पाडा, तिथं दिसतं. कोणी सेल्समन म्हणाला एका रनमध्ये सगळं कळतं तर चहा पाजा आणि पाठवून द्या.

पुढच्या महिन्यात नेटिव्ह करून बघायचंय, ॲसिड नाही, अमोनियम ॲसिटेटमध्ये, रेणू न उलगडता, चार्ज कमी त्यामुळे पीक पाच-सहा हजाराच्या पुढे जातात. अमोनियम ॲसिटेट आलंय, बाटली प्लास्टिकचीच मागवली.